आरसी ट्रक मागून बसतो, शॉक पुन्हा पुन्हा गळतात: किनाऱ्यावर पळणाऱ्या गाड्यांसाठी तपासणीचा क्रम

लक्षणं

रिमोटवर पळणाऱ्या, म्हणजे आरसी, ट्रकमध्ये खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील तर पुढचं सगळं तुमच्या गाडीला लागू आहे.

गाडी सपाट ओट्यावर ठेवली की मागचा भाग बसलेला दिसतो. हाताने दाबून सोडली तर वर येते, पण पूर्ण येत नाही. तीच गाडी मागून उचलून अलगद ठेवली तर वेगळ्याच उंचीवर थांबते. डावी बाजू उजवीपेक्षा खाली असते. छोट्या उडीनंतरही चेसिस जमिनीला आपटतं आणि ठक्‌ असा आवाज येतो. खडबडीत कातळावर मागची चाकं थडथडतात आणि गाडी सरळ रेषेत राहत नाही. शॉकच्या (तेल भरलेल्या धक्काशोषकाच्या) शाफ्टवर, म्हणजे आतबाहेर सरकणाऱ्या दांडीवर, खालच्या टोकाशी, तेलात भिजलेल्या वाळूचं काळपट कडं जमलेलं असतं. शॉक हलवला की आत चुळूकचुळूक वाजतं. आणि सगळ्यात ओळखीची खूण म्हणजे तेल भरलं की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

रत्नागिरी ते गुहागर पट्ट्यातले १/१० मापाचे (खऱ्या गाडीच्या एक दशांश) शॉर्ट कोर्स आणि मॉन्स्टर ट्रक माझ्याकडे याच तक्रारीने येतात. मालकाने बहुतेक वेळा त्याआधीच पैसे घातलेले असतात. शेजारच्या आळीतला अकरावीतला मुलगा चकचकीत ॲल्युमिनियमचे शॉक लावलेली गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, कडक स्प्रिंग टाकली, शॉक बदलले, तरी बसतेच." मी मागच्या दोन्ही शॉकचे खालचे स्क्रू काढले, आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारा, वरखाली होणारा भाग) वर उचलली आणि सोडली. आर्म खाली पडलीच नाही, हवेत तशीच उभी राहिली. नव्या शॉकनी काय करायचं? आर्मच जाम होती.

मागून बसणाऱ्या गाडीत स्प्रिंग क्वचितच दोषी असते. आपल्याकडे दोष बहुधा सांध्यात असतो, त्यानंतर सीलमध्ये (शॉकमधलं तेल अडवणाऱ्या रबरी रिंगांत), आणि स्प्रिंगची पाळी शेवटी येते. म्हणून तपासणी याच क्रमाने करा आणि खरेदीही याच क्रमाने. पहिल्या चार पायऱ्यांना एक रुपयाही लागत नाही.

इथे हा बिघाड परत परत का येतो

कोरड्या मैदानावर पळणाऱ्या गाडीला धूळ लागते, ती ब्रशने निघते. आपल्या गाड्यांना खारी ओल लागते. ओहोटीनंतरची ओली, कडक वाळू पळवायला सुरेख असते, त्यामुळे सगळे तिथेच जातात. पण त्या वाळूतलं पाणी सुकलं की मीठ मागे राहतं, आणि हे मीठ हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेतं. गाडी कपाटात ठेवली तरी हिंज पिनवर (आर्म जिच्यावर फिरते त्या सळईवर) गंज चढत राहतो, तो यामुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे वाळूच. रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरची वाळू काळी दिसते ती इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या जड खनिजांमुळे. ही खनिजं कठीण असतात. शाफ्टच्या कडेला चिकटून ती सीलच्या तोंडाशी गेली की शाफ्ट घासला जातो, मग ओरखडलेला शाफ्ट रबर कापतो. मॅग्नेटाइट चुंबकाला चिकटतं, त्यामुळे ती वाळू मोटरच्या चुंबकांकडेही ओढली जाते. कागदात गुंडाळलेला चुंबक वाळूवरून फिरवा, काळी लव उभी राहिलेली दिसेल. तारकर्लीची फिकट वाळू चुंबकाला फारशी दाद देत नाही, पण मीठ तिच्यातही तेवढंच.

तिसरं, पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडणाऱ्या भागात नायलॉनचे भाग चार महिने दमट हवेत राहतात. नायलॉन ओलावा शोषून किंचित फुगतं आणि आर्म तिला धरणाऱ्या दोन ब्लॉकच्या मध्ये घट्ट बसू लागते. मे महिन्यात मोकळी असलेली गाडी ऑगस्टमध्ये अडकते ती गंज नसतानाही, हे लक्षात ठेवा.

पहिली तपासणी: बॅटरीसकट उंची बघा

नेहमीची बॅटरी बसवा, बॉडी लावा, गाडी कडप्प्याच्या किंवा काचेच्या सपाट पृष्ठभागावर ठेवा. मग साधारण १५ ते २० सेंटिमीटर वरून सरळ खाली सोडा आणि स्थिर होऊ द्या. आता मागच्या आर्म जमिनीला जवळपास समांतर हव्यात. आतलं टोक बाहेरच्या टोकापेक्षा स्पष्ट खाली गेलं असेल तर गाडी खरोखर बसली आहे.

बॅटरी काढून उंची मोजणारे पुष्कळ आहेत. त्याचा उपयोग नाही. दोन सेलची छोटी बॅटरी आणि तीन सेलची मोठी बॅटरी यांच्या वजनातला फरक स्प्रिंगला चांगला जाणवतो. नुकतीच मोठी बॅटरी घेतली असेल आणि त्याच आठवड्यापासून गाडी बसायला लागली असेल, तर कारण तिथेच सापडलं. प्रीलोडचं कडं (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारं, शॉकवरचं कडं) थोडं फिरवून उंची परत आणा आणि पळवायला लागा.

आता दुसरा भाग. मागचा बंपर खाली दाबून हळूहळू सोडा आणि उंची मोजा. मग मागून थोडं वर उचलून हळूहळू सोडा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर सांधे मोकळे आहेत. पाच-सहा मिलिमीटरचा फरक पडला तर गाडी कुठेतरी अडकते आहे आणि स्प्रिंगला हात लावायचं कारण नाही. ही चाचणी मी सगळ्यात आधी करतो. स्प्रिंगचा दोष आणि घर्षणाचा दोष यांची फारकत इथेच होते.

दुसरी तपासणी: शॉक सोडवून आर्म मोकळी पडते का

शॉकचे फक्त खालचे स्क्रू काढा. चाक लावलेलंच राहू द्या. आर्म वर उचला, सोडा. ती स्वतःच्या वजनाने खाली पडली पाहिजे, कुठेही न थांबता. मग चाक काढून पुन्हा करा. चाकाच्या वजनाने पडणारी पण नुसती न पडणारी आर्म अर्धवट जाम असते.

माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांचा मोठा हिस्सा इथेच दुरुस्त होतो. पिन बाहेर काढा. निघत नसेल तर ठोकू नका, कोमट गोड्या पाण्यात आर्म थोडा वेळ बुडवून ठेवा. मीठ विरघळलं की बहुतेक पिना सैल होतात. पिन काचेवर ठेवून बोटाने लोळवा. ती टकटक करत लोळली किंवा तिच्याखालून उजेड दिसला तर वाकलेली आहे. वाकलेली पिन सरळ करत बसू नका, नवी घाला. नुसताच गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने पुसून काढा, आर्मचं भोक कान साफ करायच्या काडीने पुसा, आणि पिन कोरडीच परत घाला.

कोरडीच, हे मुद्दाम सांगतोय. आपल्याकडे हाताशी खोबरेल असतं आणि ते सगळीकडे लागतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे पिन पुन्हा जड होते. ग्रीस गोठत नाही, पण त्यात वाळू बसली की तो कापणारा लेप होतो आणि भोक मोठं करत राहतो. नायलॉनच्या भोकात गुळगुळीत पिन तेलाशिवाय छान फिरते.

पिन सरळ, भोक स्वच्छ, तरीही आर्म अडकत असेल तर तीन जागा बघा. आर्म पुढच्या-मागच्या ब्लॉकमध्ये दाबली गेली आहे का. गेली असेल तर आर्मच्या कडेची बाजू पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा घासा, जास्त नाही. कॅम्बर लिंकच्या (चाकाचा झुकाव ठरवणाऱ्या वरच्या दांडीच्या) टोकातला बॉल वाळूने घट्ट झाला आहे का. तो हातात धरून फिरला पाहिजे. ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा दांडा) आपल्या कपात सरकतो का; वाळू भरलेला ड्राइव्हशाफ्ट आर्मला खाली जाऊच देत नाही. शॉक परत लावताना खालचा स्क्रू मरेपर्यंत आवळू नका. शॉकचं खालचं टोक स्क्रूवर किंवा बॉलवर मोकळं डोललं पाहिजे. तो एक स्क्रू जास्त आवळल्यामुळे बसलेल्या गाड्याही मी बघतो.

तिसरी तपासणी: प्रीलोड आणि स्प्रिंगची जागा

दोन्ही बाजूंची कडी किंवा क्लिपा सारख्या आहेत का बघा. आट्यांचं कडं असेल तर कॅलिपरने शॉकच्या टोकापासून कड्यापर्यंतचं अंतर मोजा, डोळ्यावर भरवसा ठेवू नका. स्प्रिंगचं खालचं टोक वाटीत नीट बसलंय का तेही बघा. जोराच्या उडीत वाटी निसटून तिरकी बसते आणि एक बाजू खाली जाते.

प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, एवढं मनात पक्कं ठेवा. गाडी फक्त वर उचलली जाते. उंची आली म्हणून बरं वाटतं, पण खड्डा आला की चाक खाली जाऊन जमीन पकडण्यासाठी जी जागा लागते, ती तुम्ही खाऊन टाकलेली असते. कडं शेवटपर्यंत आवळलं आणि गाडी कातळावर बेडकासारखी उड्या मारायला लागली, तर कारण हे.

दोन्ही स्प्रिंगा काढून शेजारी उभ्या करा. एक दुसरीपेक्षा आखूड झाली असेल तर जोडी बदला. एकच बदलायची नाही.

चौथी तपासणी: शॉक हातात घेऊन

स्प्रिंग काढलेला शॉक हातात धरा आणि शाफ्ट हळूहळू आत ढकला, मग बाहेर ओढा. पूर्ण रस्ताभर एकसारखा जोर लागला पाहिजे. मध्येच एखादी पोकळ जागा लागली, किंवा चुळूक आवाज आला, तर आत हवा आहे. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, म्हणून हवा असलेला शॉक पहिल्या एक-दोन सेंटिमीटरला काहीच करत नाही आणि मग एकदम अडतो. जोडीतले दोन्ही शॉक एकाच वेळी दोन हातांत घेऊन दाबा, फरक लगेच कळतो.

मग शाफ्ट पूर्ण बाहेर ओढा, कापडाने पुसा आणि उजेडाकडे धरून फिरवा. नखाचं टोक शाफ्टवरून आडवं फिरवा. उभे बारीक ओरखडे डोळ्यांना दिसतात पण नखाला लागत नाहीत, ते चालतात. नख जिथे अडकतं तो ओरखडा नव्या ओ-रिंगला (सीलमधल्या रबरी कड्याला) पहिल्याच दिवशी कापायला सुरुवात करतो. किनाऱ्यावरच्या गाडीत ओरखडे बहुधा शाफ्टच्या खालच्या तृतीयांशात सापडतात, कारण उभ्या गाडीत तोच भाग उघडा राहतो आणि वाळूचं कडं तिथेच जमतं. ‘तेल भरलं की चार दिवस बरं’ या तक्रारीचं मूळ माझ्या मते इथे आहे. लोक ओ-रिंग बदलतात आणि ओरखडलेला शाफ्ट तसाच ठेवतात.

शाफ्ट वाकलेला असेल तर तो अर्ध्यावर अडतो. काचेवर लोळवून खात्री करा. वाकलेला शाफ्टही सरळ करायचा नाही.

पाचवी तपासणी: सील आणि तेल बदलणं

इथे पहिल्यांदा पैसे लागतात, पण फार नाहीत. सीलचा संच, शुद्ध सिलिकॉनचं शॉक तेल, आणि ओरखडा नखाला लागला असेल तर शाफ्टची जोडी.

तेल सिलिकॉनचंच हवं. शिलाई मशीनचं तेल, मोटरसायकलच्या फोर्कचं तेल, गंज सोडवायचा स्प्रे, यातलं काहीही शॉकच्या आत जाता कामा नये. खनिज तेलाने या शॉकमधल्या बऱ्याच जातींच्या रबरी रिंगा फुगतात. फुगलेली रिंग आधी शाफ्ट जाम करते आणि नंतर फाटते. शिवाय गरम झाल्यावर खनिज तेल सिलिकॉनपेक्षा खूप जास्त पातळ होतं.

शाफ्टचं खालचं टोक उघडताना शाफ्ट पकडीत धरावा लागतो, आणि नवा शाफ्ट पहिल्याच दिवशी खराब होण्याचं हे ठरलेलं ठिकाण आहे. सीलमधून जाणारा भाग कधीही पकडीत धरू नका. अगदी आट्यांजवळचा भाग, तोही सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून धरा. पिस्टनची (शाफ्टच्या आतल्या टोकावरच्या, भोकं असलेल्या चकतीची) ई-क्लिप काढताना हात आणि शॉक दोन्ही पारदर्शक पिशवीत ठेवा, म्हणजे क्लिप उडाली तरी पिशवीतच राहते. नवी ओ-रिंग बसवून शाफ्ट आतून घालताना त्याच्या आट्यांवर भरपूर शॉक तेल लावा. कोरड्या आट्या नव्या रिंगला सुरीसारख्या कापतात आणि तो काप बाहेरून दिसत नाही.

पिस्टन खाली ठेवून तेल काठोकाठ भरा. पिस्टन हळूहळू वरखाली करा. बुडबुडे वर येतील. पिस्टन तेलाच्या बाहेर येऊ द्यायचा नाही, नाहीतर नवी हवा आत जाते. आता शॉक उभा ठेवून १०-१५ मिनिटं दुसरं काम करा. घाई केली तर पिस्टनच्या खाली अडकलेले सुईच्या टोकाएवढे बुडबुडे राहून जातात. मग पुन्हा काठोकाठ भरा. ब्लॅडरवाला (झाकणाखाली रबरी पडदा असलेला) शॉक असेल तर शाफ्ट साधारण अर्धा आत घेऊन ब्लॅडर बसवा, जास्तीचं तेल बाहेर सांडू द्या आणि झाकण लावा. झाकणात हवेचा छोटा स्क्रू असेल तर तो उघडा ठेवून शाफ्ट पूर्ण आत घ्या, तेल बाहेर आलं की स्क्रू बंद करा. झाकण हाताने घट्ट, त्यावर पकडीने अगदी थोडं, बस. प्लॅस्टिकच्या झाकणाच्या आट्या गेल्या की उडीत झाकण उडतं आणि सगळं तेल एका क्षणात जातं.

जोडीतले दोन्ही शॉक पूर्ण दाबून सोडा. दोन्ही सारखेच, सारख्याच वेगाने परत आले तर काम झालं. एक जास्त परत येत असेल तर त्यात तेल जास्त राहिलं आहे.

तेलाचा आकडा कितीचा घ्यायचा? मैदानी ट्रक कारखान्यातून बहुधा ३० वेटच्या (वेट म्हणजे तेलाच्या घट्टपणाचा आकडा) आसपासचं तेल घेऊन येतात. वेटचे आकडे कंपनीगणिक बदलतात, म्हणून बाटलीवरचा सीएसटीचा (सेंटिस्टोक, घट्टपणाचं एकक) आकडा बघा. असोसिएटेड कंपनीच्या तक्त्यात ३० वेट म्हणजे ३५० सीएसटी, ३५ म्हणजे ४२५, ४० म्हणजे ५००. दुसऱ्या कंपनीचं ४० वेट याच्याशी जुळेलच असं नाही. सिलिकॉन तेलही उन्हात थोडं पातळ होतं. मे महिन्याच्या दुपारी वाळू तापते, शॉक तापतो, आणि जानेवारीत नेमकी वाटणारी गाडी ढिली वाटते. त्यामुळे होळीनंतर मी मागच्या शॉकमध्ये पाच वेट वर जातो आणि पाऊस सुरू झाला की परत खाली येतो.

सहावी तपासणी: आता स्प्रिंग, पिस्टन आणि बसवायची भोकं

इथपर्यंत सगळं नीट असूनही गाडी बसते किंवा आपटते, तेव्हाच बदल करायला घ्या. एका वेळी एकच बदल, आणि तोही दोन्ही बाजूंना सारखा.

आधी फुकटातला बदल. शॉकचं वरचं टोक टॉवरच्या (ते टोक जिला लागतं त्या उभ्या पट्टीच्या) आतल्या भोकात नेलं की शॉक जास्त आडवा होतो आणि सुरुवात मऊ होते, दाबलं तसा कडकपणा वाढत जातो. बाहेरच्या भोकात नेलं की शॉक उभा राहतो आणि गाडी पहिल्यापासून कडक वाटते. आर्मवर खालचं टोक बाहेर नेलं की कडक, आत घेतलं की मऊ. मागून बसणारी गाडी पुष्कळदा टॉवरवर एक भोक बाहेर नेऊनच सुधारते. नवी स्प्रिंग मागवण्याआधी हे करून बघा.

स्प्रिंग आणि तेल यांची कामं वेगळी आहेत. गाडीचं वजन धरून ठेवायचं काम स्प्रिंगचं. चाक किती वेगाने वरखाली व्हावं हे तेल आणि पिस्टनची भोकं मिळून ठरवतात. गाडी उभी असताना बसत असेल तर घट्ट तेलाने ती वर येणार नाही, फक्त सावकाश बसेल. उलट, उभी असताना उंची बरोबर पण उडीनंतर आपटते, तर स्प्रिंगऐवजी तेल किंवा पिस्टन बदला.

पिस्टनबद्दल जरा सविस्तर, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. लहान भोकांच्या पिस्टनमधून तेल हळूहळू जातं तेव्हा सगळं ठीक वाटतं, पण मोठ्या उडीच्या आपटीत तेलाला भोकातून जायला वेळच मिळत नाही आणि शॉक क्षणभर दगडासारखा होतो. उडीवरून सरळ खाली आपटायला हे बरं पडतं. पण सड्यावर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या पठारावर, जिथे जांभ्याचे मुठीएवढे गोटे वेगाने चाकाखाली येतात, तिथे प्रत्येक गोटा हा आपटीसारखाच धक्का असतो. शॉक दगड होतो आणि मागचं टोक थडथडत हवेत राहतं. म्हणून सड्यासाठी मोठ्या भोकांचा पिस्टन आणि त्याला साजेसं थोडं घट्ट तेल. ओल्या कडक वाळूवर धक्के लांब आणि सावकाश येतात. तिथे कारखान्यातला पिस्टन आणि मऊ स्प्रिंग पुरते. भुसभुशीत कोरड्या वाळूत सस्पेन्शनपेक्षा टायर महत्त्वाचे, तिथे ट्यूनिंगवर वेळ घालवू नका.

मागची चाकं वरून आत किती झुकलेली असावीत? एक ते दोन अंश. दोन्ही बाजू सारख्या असल्या म्हणजे झालं.

सड्यावर जाणाऱ्यांना एक विनंती. रत्नागिरी, राजापूर, लांजा भागातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कोकणातली काही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. सगळ्यांना कुंपण नाही, काही नुसती उघड्या कातळावर आहेत आणि वरून बघितल्याशिवाय ओळखू येत नाहीत. पळवण्याआधी जागा चालून बघा. तसंच वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. त्या महिन्यांत भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत गाडी न्यायची नाही.

अपग्रेड करायचंच असेल तर कशावर

किनाऱ्यावरच्या गाडीत पहिला पैसा हिंज पिनवर घाला. साध्या स्टीलच्या पिना काढून स्टेनलेसच्या घ्या. ३१६ जातीचं स्टेनलेस मिळालं तर उत्तम. त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे ते खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा जास्त टिकतं. दुसरा पैसा टायटेनियम नायट्राइडचा सोनेरी लेप असलेल्या शाफ्टवर. तो लेप कठीण असतो, त्यामुळे वाळूचे ओरखडे कमी पडतात. तिसरा पैसा शाफ्टवर चढवायच्या रबरी किंवा कापडी आवरणावर. कापडी मोजा सड्याच्या धुळीत उत्तम काम करतो. ओल्या वाळूवर गेलात तर मात्र तो त्याच संध्याकाळी काढून धुवावाच लागतो, नाहीतर खारी ओल शाफ्टला बांधून ठेवल्यासारखं होतं. तेवढं होणार नसेल तर लावू नका.

ॲल्युमिनियमचे शॉक त्यानंतर. त्यांचा खरा फायदा असा की झाकणाच्या आट्या टिकतात आणि उष्णता लवकर बाहेर जाते. पण स्टीलचा स्क्रू, ॲल्युमिनियमचा भाग आणि खारं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम कुरतडलं जातं आणि पांढरी पूड धरते. असे शॉक लावले तर स्क्रूच्या आट्यांवर ॲन्टी-सीझ (आट्या जाम होऊ न देणारी) पेस्ट लावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी स्क्रू एकदा काढून घाला.

ॲल्युमिनियमच्या आर्म घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो. नायलॉनची आर्म दगडावर आदळली की लवते आणि परत येते. ॲल्युमिनियमची आर्म वाकते आणि वाकलेलीच राहते, किंवा धक्का जसाच्या तसा पुढे बल्कहेडला (गिअरबॉक्स आणि आर्म धरणाऱ्या चौकटीला) देते. पाचशे रुपयांची आर्म वाचवायला जाऊन गिअरबॉक्सचं घर फुटतं. नायलॉनच्याच चांगल्या आर्म घ्या.

या सगळ्याहून स्वस्त म्हणजे गोडं पाणी. किनाऱ्यावरून आल्यावर त्याच संध्याकाळी बॅटरी काढून आर्म, पिना, शॉक गोड्या पाण्याने धुवा. गाडी वॉटरप्रूफ आहे म्हणून समुद्रात घालू नका. पुस्तिका वाचली तर बऱ्याच कंपन्या खाऱ्या पाण्यापासून दूर राहायला सांगतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने वाळवायला हरकत नाही, पण हवेची नळी बेअरिंगवर आणि शॉकच्या सीलवर सरळ धरू नका, वाळू आत ढकलली जाते.

इथे थांबा

शॉक टॉवर किंवा बल्कहेडला केसासारखी जरी चीर दिसली तरी पळवणं बंद. चिकटवून चालत नाही, भाग बदलावा लागतो आणि त्यासाठी मागचा अख्खा भाग उघडावा लागतो. आधी हे काम केलेलं नसेल तर हॉबी शॉपच्या कारागिराकडे द्या. गिअर जुळवताना चुकलं तर दुरुस्तीचा खर्च दुप्पट होतो.

पिन किंवा स्क्रू ॲल्युमिनियमच्या भागात गंजून बसला आणि एलन कीचा खड्डा गोल झाला, तर घरच्या ड्रिलने प्रयत्न करू नका. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे न्या. त्याच्याकडे भाग पक्का धरायची सोय असते आणि तो स्क्रू मधोमध पोखरून काढतो. हातातल्या ड्रिलचं टोक स्टीलवरून घसरून मऊ ॲल्युमिनियममध्ये जातं आणि भाग कायमचा जातो.

चेसिस पिळलेलं असेल, म्हणजे चारही शॉक काढल्यावरसुद्धा सपाट काचेवर एक कोपरा उचललेला राहत असेल, तर कुठल्याही ट्यूनिंगने गाडी सरळ होणार नाही.

तपासणी करताना लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगलेली दिसली, किंवा तिच्या जोडाला हिरवा-पांढरा थर आला असेल, तर शॉकचं काम तिथेच सोडा. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, दाबायची नाही, भोक पाडायचं नाही. घराबाहेर, जळण्यासारखं काही जवळ नसेल अशा जागी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. पळताना गाडी मध्येच बंद पडत असेल किंवा ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला) पाणी लागल्याची शंका असेल, तर तोही जाणकाराचा विषय आहे.

आणि सगळ्या पायऱ्या नीट करूनही एखादा शॉक पुन्हा गळला, तर त्याची बॉडी आतून ओरखडली आहे किंवा सील बसायची जागा झिजली आहे. तिसऱ्यांदा सील बदलू नका. पूर्ण शॉक बदला किंवा कारागिराला दाखवा. दाखवायला नेताना गाडी धुऊन, वाळवून, बॅटरी काढून न्या. शॉक चारही द्या, नुसता गळणारा नको, कारण जोडीतला दुसरा समोर असल्याशिवाय पहिला जुळवता येत नाही. शेवटचं तेल कुठल्या कंपनीचं आणि किती सीएसटीचं भरलं होतं, ते एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.